जनरेटरचे पेट्रोल नेमके कुठे अडले

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हरिहरेश्वरला रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या गाडीतला जनरेटर बंद पडला आणि त्यानंतरचे तीन आठवडे मी त्या एकाच प्रश्नाच्या मागे होते. आमची गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेले एक लहानसे फिरते घर आहे. त्यात दोन बिछाने, छोटा ओटा, छपरावर एक टनाचा एसी आणि मागच्या बाजूला, बाहेरून उघडणाऱ्या लोखंडी कप्प्यात, २.८ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे. गाडी डिझेलवर चालत असल्यामुळे जनरेटरसाठी १८ लिटरची वेगळी टाकी चासीला लावलेली आहे. तिथून रबरी नळी, मग फिल्टर, मग १२ व्होल्टचा छोटा पंप, पुन्हा नळी आणि शेवटी हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर, असा पेट्रोलचा प्रवास आहे.

माझी आई आता ७९ वर्षांची आहे आणि कोकणातला दमट उकाडा तिला सोसत नाही. त्या रात्री जनरेटर चालू केल्यावर पहिली दहा-बारा मिनिटे सर्व काही सुरळीत होते. मग आवाज जड झाला, इंजिनाने दोन-तीनदा आचके दिले, दिवे मंदावले आणि सर्व शांत झाले. दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर दाबला तेव्हा इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले आणि बारा मिनिटांनी पुन्हा थांबले. असे चार वेळा झाल्यावर आम्ही खिडक्या उघडल्या, बॅटरीवरचा पंखा आईच्या उशाशी लावला आणि रात्र काढली. तिने तक्रार केली नाही, पण पहाटेपर्यंत ती जागीच होती हे मला कळत होते. ही दुरुस्ती आपण मुळापासून समजून घ्यायची, असे मी त्याच रात्री ठरवले.

पुण्यात परतल्यावर मी आधी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांना बोलावले. ते म्हणाले, "ताई, कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, साफ केला की होईल." त्यांनी कार्बोरेटर उतरवला, जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे फुंकून मोकळी केली, सर्व नीट बसवले, आणि जनरेटर उत्तम चालला. दुसऱ्या दिवशी मी एसी लावून पाहिले तर बाराव्या मिनिटाला तेच. काकांनी पुन्हा येऊन पुन्हा सफाई केली आणि पुन्हा तोच अनुभव आला. काकांच्या कामात खोट नव्हती. कार्बोरेटर उतरवून बसवायला पाऊण तास लागतो, तेवढ्या वेळात कप्पा थंड होतो, आणि नंतरची चाचणी विनालोड, पाच मिनिटांची असते. अशा चाचणीत हा दोष दिसणारच नव्हता. मी चिंचवडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षे तपासणी विभागात काम केले आहे. दोष ज्या परिस्थितीत येतो त्याच परिस्थितीत तो तपासायचा, हे तिथे आमच्या अंगवळणी पडलेले होते, आणि तरीही घरच्या यंत्राच्या बाबतीत ते मला दोन सफायांनंतर आठवले.

ठराविक वेळ चालून बंद पडणाऱ्या आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होणाऱ्या इंजिनाची कारणे मोजकीच असतात. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल, तर पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खेचणे अवघड होत जाते. नळी किंवा फिल्टर अर्धवट बुजला असेल, तर थोड्या लोडला पुरेल इतके पेट्रोल येते, पण एसीच्या लोडला ते पुरत नाही. नळी गरम होऊन आतल्या पेट्रोलची वाफ झाली, तर पंप नुसती वाफ ढवळत राहतो. चौथी शक्यता पेट्रोलशी संबंधितच नाही. इग्निशन कॉइल गरम झाल्यावर ठिणगी देणे बंद करते आणि थंड झाल्यावर पुन्हा देऊ लागते. शिवाय ऑइल कमी झाल्यावर इंजिन बंद करणारा स्विचही अशीच फसवणूक करू शकतो, म्हणून सर्वांत आधी ऑइलची पातळी पाहावी. आमची पातळी बरोबर होती.

पेट्रोल आणि ठिणगी यांच्यातला निवाडा करायचा तर इंजिन बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटे फार मोलाची असतात, कारण त्यानंतर यंत्र थंड होऊ लागते आणि पुरावा नाहीसा होतो. मी धायरीत आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली, भर दुपारी दोन वाजता एसी सुरू करून जनरेटर चालू केला आणि हत्यारे आधीच मांडून ठेवली. माझे यजमान अग्निशामक नळकांडे हातात घेऊन शेजारी उभे राहिले. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल हाताळताना ही खबरदारी अनावश्यक वाटू देऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि कप्प्याच्या तळाशी साचून राहते.

बाराव्या मिनिटाला इंजिन थांबले. मी प्रथम टाकीचे झाकण कानाजवळ नेऊन हळूच सैल केले. छिद्र बुजलेले असते तर हवा आत शिरल्याचा फुस्स असा आवाज आला असता. तो आला नाही. मग कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा, म्हणजे ज्यात फ्लोट तरंगतो त्या भांड्याचा, तळाचा स्क्रू सैल केला आणि खाली काचेची लहान बाटली धरली. भरलेली वाटी असेल तर इथून पेट्रोलची सरळ धार लागते. माझ्या बाटलीत चहाचा चमचाही भरेल न भरेल इतके पेट्रोल पडले, मग थेंब, आणि मग काहीच नाही. ती जवळजवळ रिकामी बाटली पाहून मला मोठा दिलासा मिळाला, कारण कॉइलचा प्रश्न तिथेच मागे पडला आणि जेटचाही. जेट बुजले असते तर वाटी भरलेली राहिली असती. वाटीच रिकामी होती, म्हणजे अडथळा तिच्या अलीकडे, टाकीच्या दिशेला कुठेतरी होता. त्यानंतर ठिणगी देणारा प्लगही काढून पाहिला. तो कोरडा आणि टोकाला पांढुरका होता, म्हणजे बंद पडण्यापूर्वीही इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळत होते.

पुढची चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटते. लहान इंजिनाच्या कामासाठी मिळणारी, तळाला कॉक असलेली एक लिटरची टाकी मी कार्बोरेटरपेक्षा दोन फूट उंचावर, सायलेन्सरपासून दूर टांगली आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. मूळ टाकी, जुनी नळी, फिल्टर आणि पंप हे सर्व वगळले. एसी लावून जनरेटर पाऊण तास चालला आणि तो मीच पेट्रोल संपत आल्यावर बंद केला. वाटीत पेट्रोल आत सोडणारी फ्लोटची सुई अडकत असल्याची एक शक्यता उरली होती, तीही यातून निकाली निघाली. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष, ठिणगी निर्दोष, इंजिन निर्दोष. दोन वेळा ज्या भागाची सफाई झाली तो भाग मुळात दोषी नव्हताच.

आता उरलेल्या मार्गाचे पुन्हा दोन भाग करायचे होते. मी पंपाकडे येणारी जुनी नळी काढली आणि पंपाला नव्या, वीतभर लांबीच्या नळीने शेजारी ठेवलेल्या धातूच्या कॅनमधून पेट्रोल दिले. पंप तोच, कप्पा तितकाच तापलेला, लोड तोच. जनरेटर तासभर चालला. म्हणजे पंपही निर्दोष. राहिले काय, तर टाकी, टाकीतली जाळी, फिल्टर आणि पंपापर्यंतची साडेचार फूट नळी.

याआधी एक चाचणी करताना मी फसले होते, ती इथे सांगायला हवी. सकाळच्या थंड वेळी मी पंपापुढची नळी काढून, पंप बॅटरीवर चालवून, एका मिनिटात किती पेट्रोल येते ते मोजले होते. सुमारे अर्धा लिटर आले. आमचा जनरेटर एसीच्या लोडवर तासाला साधारण सव्वा लिटर पेट्रोल पितो, म्हणजे मिनिटाला वीस-एकवीस मिलिलिटर. गरजेच्या वीसपट पेट्रोल येत असल्याचे पाहून मी पुरवठ्याचा मार्ग ठीक असल्याचे वहीत लिहूनही टाकले होते. आता तीच मोजणी इंजिन बंद पडल्यावर लगेच केली. नळी लांब करून तिचे टोक कप्प्यापासून चार फूट दूर, धातूच्या भांड्यात सोडले. धार आलीच नाही. पंपाची एरवीची दमदार टिकटिक एकदम मोकळी, रिकाम्या भांड्यावर वाजवल्यासारखी झाली होती आणि नळीतून फेसाळ पेट्रोल थांबून थांबून गळत होते. मिनिटभरात भांड्यात बारा मिलिलिटर जमले. सकाळी अर्धा लिटर आणि दुपारी बारा मिलिलिटर.

फेस म्हणजे नळीत हवा किंवा वाफ. या दोहोंत फरक करण्यासाठी मी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पेट्रोलसाठीचीच पारदर्शक नळी वीतभर जोडली. नळीला भेग असेल किंवा ती आवळून धरणारी होज क्लिप सैल असेल, तर पंप थंडीतही हवा ओढतो आणि बुडबुडे पहिल्या मिनिटापासून दिसतात. आमच्याकडे सकाळी नळी काचेसारखी स्वच्छ होती. दुपारी आठव्या मिनिटाला पहिला मोहरीएवढा बुडबुडा सरकत गेला, मग त्यांची रांग लागली, आणि अकराव्या मिनिटाला नळीचा वरचा अर्धा भाग रिकामा दिसू लागला. हवा नव्हे, वाफच होती. जुनी नळी सायलेन्सरपासून चार बोटांवरून जात होती. तिथे ओले फडके गुंडाळल्यावर जनरेटर बाराऐवजी पंचवीस मिनिटे चालला, पण थांबला तो थांबलाच.

उष्णता हे कारण खरे होते, पण पुरेसे नव्हते. नळी त्याच जागेवरून सहा वर्षे जात होती आणि मागचे पाच उन्हाळे काही त्रास झाला नव्हता. म्हणून मी जुनी नळी काढून लांबीत चिरली. बाहेरून ती ठणठणीत होती. आतला थर मात्र फुगून मऊ झाला होता, नखाने दाबला तर खड्डा पडत होता, आणि एका वळणावर तो आत झुकून भोक जेमतेम काडीपेटीतल्या काडीएवढे उरले होते. मूळ भोक सहा मिलिमीटरचे होते. गरम झाल्यावर हे मऊ रबर पंपाच्या ओढीने आणखी आत दबत असणार. टाकीतली जाळी आणि फिल्टर मात्र स्वच्छ निघाले.

इथे दोन अर्धे दोष मिळून एक पूर्ण दोष झाला होता. पंप नळीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी होतो, आणि वाट जितकी अरुंद तितका तो अधिक घटतो. दाब घटला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पुण्यात पाणी १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरला त्याहूनही लवकर, त्याचे कारण हेच. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच उडू लागतात. नळी मोकळी असताना सायलेन्सरची धग सोसली जात होती. नळी आतून आवळल्यावर तीच धग असह्य झाली.

रबर का फुगले याबद्दल माझा अंदाज इथेनॉलचा आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि आता आपल्याला सर्रास तेच मिळते. साध्या रबराचे काही प्रकार इथेनॉलमध्ये फुगतात किंवा मऊ होतात, हे जाणकार मिस्त्रीही सांगतात. आमची नळी २०१९ सालची आणि कोणताही छाप नसलेली होती. गाडी बांधणाऱ्या कारागिराने तेव्हा बाजारात जे सहज मिळत होते ते वापरले असावे, त्याला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र जुन्या गाडीत किंवा जुन्या जनरेटरवर त्या काळची नळी असेल तर ती बाहेरून पाहून समाधान मानू नये. एका टोकाचा इंचभर तुकडा कापून आत पाहावे आणि नळी चार-पाच वर्षांची असेल तर सरळ बदलावी. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत मी नळी मागितली तेव्हा पहिल्या दोन ठिकाणी साधी काळी नळीच पुढे आली. तिसऱ्या दुकानदाराने "इथेनॉलला चालणारी पाहिजे का?" असे आपणहून विचारले आणि अंगावर एसएई जे३० आर९ असा इंधनाच्या नळीचा दर्जा छापलेली नळी काढली. साध्या नळीपेक्षा ती बरीच महाग पडली. मी त्याच्याकडूनच नव्या होज क्लिपाही घेतल्या. आतून गुळगुळीत पट्टीच्या घ्याव्यात, कारण खाचा असलेली पट्टी रबरात रुतून ते कापते.

नवी नळी जुन्याच मार्गाने टाकली तेव्हा जनरेटर चाळीस मिनिटे चालला आणि मग पारदर्शक तुकड्यात पुन्हा एखाद-दुसरा बुडबुडा दिसू लागला. इंजिन थांबले नव्हते, पण मे महिन्यातल्या दुपारी ते थांबले असते याची मला खात्री वाटली. आता पंपाची जागाच बदलायला हवी होती. असे छोटे पंप पेट्रोल ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात नव्हे. त्यांची जागा टाकीच्या शेजारी आणि शक्यतो टाकीच्या पातळीच्या खाली असावी. आमचा पंप टाकीपासून साडेचार फुटांवर, इंजिनाच्या कप्प्यात आणि टाकीपेक्षा उंच होता. म्हणजे सर्वांत उष्ण जागेत सर्वांत जास्त ओढ. मिस्त्रीकाकांनी आणि मी मिळून तो टाकीलगतच्या चासीच्या आडव्या पट्टीवर, रबरी गादी देऊन बसवला. आता ओढणारी नळी नऊ इंचांची आहे आणि उरलेल्या लांब नळीत पेट्रोल दाबाखाली असते, त्यामुळे त्याची वाफ सहजासहजी होत नाही. पंपाची तार मात्र लांबली. म्हणून मी जाड तार वापरली, अर्थिंगचे टोक रंग खरवडून मूळ पत्र्यावर घट्ट केले आणि पंप चालू असताना त्याच्या टोकांवर मीटर लावून १२ व्होल्टपेक्षा कमी मिळत नाहीत ना हे पाहिले. पंप जनरेटरचीच किल्ली फिरवल्यावर चालतो आणि तिच्याबरोबर बंद होतो, हेही पुन्हा तपासले. जनरेटर बंद असताना पंप चालू राहणे हे आगीला आमंत्रण आहे.

ज्यांच्या जनरेटरची लक्षणे वेगळी आहेत त्यांनी माझी ही वाट जशीच्या तशी धरू नये. इंजिनाचा वेग लाटेसारखा चढत-उतरत असेल तर बहुधा लहान जेट, ज्याला पायलट जेट म्हणतात, ते बुजलेले असते आणि तिथे काकांचीच सफाई योग्य ठरते. काळा धूर येत असेल तर चोक, म्हणजे इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी झडप, अडकली आहे किंवा फ्लोटची सुई नीट बसत नाही असे समजावे. वाटी भरलेली, प्लग कोरडा आणि इंजिन अजिबात सुरू होत नसेल, तर वाटीच्या तळाशी असलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, किल्ली फिरवल्यावर 'टक्' असा वाजतो का ते ऐकावे. तो वाजला नाही तर पेट्रोल मुख्य जेटच्या दाराशी येऊन थांबते. अमेरिकेतल्या अनेक मोटरहोममध्ये जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो आणि त्याची आतली नळी मुद्दाम टाकीच्या सुमारे पाव भागावर संपवलेली असते, म्हणजे रात्रभर जनरेटर चालला तरी सकाळी गाडी पंपापर्यंत जाऊ शकते. तशी आयात केलेली गाडी कोणाकडे असेल तर सर्वांत आधी गाडीच्या टाकीचा काटा पाहावा. डिझेल जनरेटरची तर तऱ्हाच निराळी. तिथे बऱ्याच इंजिनांत नळीत शिरलेली हवा आपोआप निघत नाही. शिरूरच्या आमच्या शेतावरच्या डिझेल इंजिनाने हवा पकडली की वडील पाना घेऊन नट सैल करत आणि बुडबुडे थांबून निव्वळ डिझेलची धार येईपर्यंत हाताने पंप मारत राहत. मी कंदील धरून उभी असे. पारदर्शक नळीतले बुडबुडे पाहताना मला त्यांचीच फार आठवण झाली.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी एक वाजता आम्ही गाडी पुन्हा त्याच मोकळ्या जागेत लावली. आई आत बसली होती, कारण तिला स्वतः पाहायचे होते. एसी पूर्ण लोडवर ठेवून जनरेटर अडीच तास चालला. मी दर दहा मिनिटांनी पारदर्शक तुकडा पाहत होते आणि शेवटपर्यंत त्यात एकही बुडबुडा आला नाही. नंतर तो तुकडा काढून तिथेही नवी नळी घातली, कारण पारदर्शक नळी चाचणीपुरती ठीक असते, पण उन्हाने आणि पेट्रोलने कडक होऊन तडकते. सायलेन्सर आणि नळी यांच्यामध्ये पातळ ॲल्युमिनियमचा आडपडदा बसवायचा आहे, त्याचे माप घेऊन पत्रा कापायला दिला आहे. चिरलेली जुनी नळी मिस्त्रीकाकांनी मागून घेतली. "ताई, गॅरेजला लावून ठेवतो, पोरांना दाखवायला," असे म्हणून त्यांनी ती कागदात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.